पडलं लेकरू, बोल आईला?

मैत्रिणींनो, आपल्याकडे लेकरू पडलं की पहिला प्रश्न त्याच्या आईला विचारतात. "तुझं लक्ष कुठं होतं?" मग ते घराच्या पायरीवरून पडलेलं असो, नाहीतर भर रस्त्यात नगरपालिकेच्या उघड्या गटारात. प्रश्न तोच. आणि विचारणारी माणसंही बहुधा घरचीच. त्यामुळे उलट उत्तर देता येत नाही, आणि गटार उघडं का होतं हे विचारायचं तर राहूनच जातं.

एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी कळवलं आहे, म्हणून छापत नाही. त्यांचा मुलगा तिसरीत आहे. पावसाळ्यात एका संध्याकाळी तो शिकवणीहून घरी येत होता. रस्त्यावर घोटाभर पाणी साचलेलं. कडेच्या गटारावर झाकण नव्हतं, ते पाण्याखाली त्याला दिसलं नाही. पाय आत गेला आणि नडगीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसवली. खर्च सत्तर हजारांच्या घरात गेला, त्यासाठी या बाईंना हातातल्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. चौथ्या दिवशी मुलाला घेऊन घरी येतात तो काय, गटारावर नवं कोरं झाकण!

सासूबाई म्हणाल्या, "एवढंसं पोर एकटं पाठवलंस कशाला?" यजमान म्हणाले, "नगरपालिकेशी कोण भांडणार? झालं गेलं गंगेला मिळालं." पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे: "ताई, चूक खरंच माझीच का हो?"

नाही. तुमची नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाची तर मुळीच नाही. आणि हे नुसतं समाधानासाठी सांगत नाही. कायदाही असंच म्हणतो. तो कसा, आणि त्याचा उपयोग आपल्याला कसा करून घेता येतो, ते आज पाहू.

मूल मुलासारखंच वागणार

रस्ता, गटार, बाग, सरकारी शाळेची भिंत, विजेचा खांब ही सगळी ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ती धोक्याची होऊ नयेत म्हणून काळजी घेतली पाहिजे, हे कायद्याचं जुनं तत्त्व आहे. आणि जिथं मुलं येणार-जाणार, तिथं ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण मूल मोठ्या माणसाइतकं सावध नसतं.

याचं एक जुनं उदाहरण विलायतेतलं आहे, पण कायद्याच्या पुस्तकांत ते आजही शिकवलं जातं. ग्लासगो शहराच्या सार्वजनिक बागेत एका झुडपाला चेरीसारखी दिसणारी विषारी फळं यायची. त्याला ना कुंपण, ना धोक्याची पाटी. सात वर्षांच्या एका मुलाने ती खाल्ली आणि तो दगावला. तिथल्या नगरपालिकेचं म्हणणं असं की बाग सगळ्यांना खुली आहे, फळ तोडायला त्याला कोणी सांगितलं होतं? १९२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते मानलं नाही. लहान मुलाला अशा फळाचा मोह पडणारच, आणि ज्यांना विषाची माहिती होती त्यांनीच बंदोबस्त करायला हवा होता, असा निकाल लागला.

तेव्हा "पोराने बघून चालायला नको का?" असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. पाण्याखालचं भोक मोठ्या माणसालाही दिसत नाही.

दुसरी भीती असते, "हे सगळं सिद्ध कोण करणार?" दिल्लीच्या चांदणी चौकात नगरपालिकेच्या मालकीचा एक घड्याळाचा मनोरा होता, सुमारे ऐंशी वर्षांचा जुना. १९५१ साली तो कोसळला, खाली माणसं मेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६६ च्या निकालात न्यायालय म्हणालं की मनोरा तुमचा, तुमच्या ताब्यातला, आणि नीट देखभाल असती तर असा मनोरा आपोआप पडत नाही. म्हणजे घडलेली गोष्टच साक्ष देते. आता तुम्हीच सांगा काळजी काय घेतली होती. जिवंत गटारावर झाकण नसणं हीही अशीच गोष्ट आहे.

मात्र प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक गृहस्थ वारले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड पडेल हे तिला आधी कळण्यासारखं होतं, असं दिसलं नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९९ साली, दिल्लीतल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. तिथं झाड वाळून गेलेलं होतं, धोका दिसत होता, तरी काढलं नव्हतं. (ती फांदी पडली होती १९६४ साली! पस्तीस वर्षं लागली.) या दोन निकालांमधला फरक लक्षात ठेवा: धोका आधी माहीत होता का? शेवटी पुन्हा या मुद्द्याकडे येऊ, कारण तो आपल्या हातात आहे.

कुठल्या दारी जायचं?

आता कामाचं बोलू. इजा कशामुळे झाली त्याप्रमाणे दार वेगळं असतं. चुकीच्या दारी महिनोन्महिने बसून राहू नये म्हणून हे नीट वाचा.

रस्त्यातला खड्डा आणि उघडं मॅनहोल. यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी महत्त्वाचा आदेश दिला आहे. २०१३ पासून चाललेल्या जनहित याचिकेतला हा आदेश. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झालेल्याला इजेच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे. रक्कम ठरवायला समिती. महापालिका असेल तर आयुक्त, नगरपरिषद असेल तर मुख्याधिकारी, आणि त्यांच्या जोडीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. रस्ता बांधकाम खात्याचा किंवा एखाद्या मंडळाचा असेल तर त्यांचा अधिकारी. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. हा पैसा पुढे कंत्राटदाराकडून किंवा दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायचा. आणि हे घेतलं म्हणून दुसऱ्या कायद्याने मिळणारी भरपाई बुडत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी याच समितीकडे अर्ज करावा. गटाराचं उघडं तोंड म्हणजे उघडं मॅनहोलच, असं मांडता येईल.

शाळेत जाणारं मूल. हे तर बहुतेक आयांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्रात इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे अपघाती मृत्यूला दीड लाख. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तर १ लाख. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर ७५ हजार. आणि अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष झालेला खर्च, जास्तीत जास्त १ लाख रुपये. अपघात शाळेच्या आवारातच व्हायला हवा असं नाही. इथं कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तेव्हा दवाखान्याची बिलं घेऊन आधी मुख्याध्यापकांना भेटा. त्यांना माहीत नसेल तर योजनेचं नाव कागदावर लिहून न्या.

वीज. तुटलेली तार, उघडा डीपी, गच्चीला खेटून गेलेल्या तारा. विजेच्या बाबतीत कायदा फार कडक आहे. वीज मंडळाची चूक दाखवता आली नाही तरी त्याला भरपाई द्यावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे, कारण इतकी धोक्याची वस्तू वाहून नेण्याचं काम मंडळाने पत्करलेलं असतं. हरियाणात पानिपतला २०११ साली चार वर्षांच्या एका मुलाला घराजवळून गेलेल्या उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसला. दोन्ही हात आणि एक पाय गमवावा लागला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ६० लाख रुपयांची भरपाई कायम केली. तीन वर्षांत. विजेच्या अपघातात पोलिसांबरोबर सरकारच्या विद्युत निरीक्षकांनाही लेखी कळवा. चौकशी त्यांनी करायची असते, आणि त्यांचा अहवाल पुढे फार उपयोगी पडतो.

रेल्वे आणि एसटी. प्रवासात मूल चालत्या गाडीतून पडलं तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. २०१७ पासून तिथं मृत्यूची भरपाई ८ लाख आहे, आणि इजेची रक्कम इजेप्रमाणे ठरलेली आहे. तिकीट जपून ठेवा. एसटीने किंवा कुठल्याही वाहनाने धडक दिली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कायद्यातली मुदत सहा महिने.

बाग, झोपाळा, भिंत, झाड. महापालिकेच्या बागेतला मोडका झोपाळा, उघडी पाण्याची टाकी, शाळेची पडकी भिंत यांना वरचा खड्ड्यांचा आदेश लागू होत नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याला महापालिकेच्या बागेतल्या उघड्या टाकीत पडून चार आणि पाच वर्षांचे दोन भाऊ गेले, तेव्हा उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली होती. पण प्रत्येकाच्या बाबतीत न्यायालय आपणहून येत नाही. इथं आधी लेखी नोटीस आणि मग दिवाणी दावा, हाच रस्ता.

सहा महिने थांबू नका

आपल्याकडे म्हण आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. मैत्रिणींनो, इथं ही म्हण उलटी लक्षात ठेवा. महापालिका आणि नगरपरिषदा यांच्याविरुद्ध दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर महिनाभर वाट पाहावी लागते, आणि दावा मात्र घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. म्हणजे पाचव्या महिन्याच्या आत नोटीस गेलीच पाहिजे. राज्य सरकारविरुद्ध असेल तर नोटीस दोन महिन्यांची.

कोणी म्हणेल, "मूल अज्ञान आहे, त्याला मुदतीची सवलत असते." मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात तशी सवलत आहे खरी. पण तिच्यावर विसंबून राहू नका. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ते गटार, तो झोपाळा, ते साक्षीदार काही जागेवर राहत नाहीत.

"वकिलाला कुठून पैसे देऊ?" हा प्रश्न पत्रात नाही, पण मनात असणारच. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. यजमानांचा पगार किती, हेही कोणी विचारणार नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या न्यायालयात प्राधिकरण. १५१०० या क्रमांकावर फोनही लावता येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण या कचेरीची पायरी चढायला काही हरकत नाही.

पहिल्या दिवसाचे कागद

मूल रडत असताना आईला कागद सुचत नाहीत, आणि सुचू नयेतही. आधी दवाखाना. पण दीर, नणंद, शेजारीण, कोणीतरी बरोबर असतंच. त्यांच्यावर हे सोपवा.

एक. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कसा पडला?" आपण घाईत सांगतो, "खेळताना पडला." तेच केसपेपरवर लिहिलं जातं, आणि पुढे वर्षभर तोच कागद आपल्या विरुद्ध बोलतो. तेव्हा जसं घडलं तसं पूर्ण सांगा: अमुक रस्त्यावर, अमुक दुकानासमोर, उघड्या गटारात पडला. एम. एल. सी. म्हणून नोंद करायला सांगा, म्हणजे पोलिसांना दवाखान्यातूनच कळवलं जातं.

दोन. जागेचे फोटो त्याच दिवशी घ्या. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठलाही असू शकतो. फोटोत दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक आला पाहिजे. पाहिलेल्या दोघांची नावं आणि फोन लिहून ठेवा.

तीन. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पंचनामा मागा, पोच घ्या.

चार. नगरपालिकेत अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. साहेबांच्या टेबलावर नुसता ठेवून येऊ नका.

पाच. औषधाच्या चिठ्ठीपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सगळे कागद एका पिशवीत. डाळीच्या डब्यात, उशीखाली, पर्समध्ये असे विखरून ठेवू नका.

सहा. आणि हे सर्वांत महत्त्वाचं. कंत्राटदाराचा माणूस किंवा कोणी पुढारी दवाखान्यात येतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो, "आमची काही तक्रार नाही" असा कागद पुढे करतो. कधी शाळेतूनही असा कागद येतो. कितीही अडचण असली तरी त्यावर सही करू नका. "घरी विचारून सांगते" म्हणा. हे वाक्य एरवी आपल्याला नकोसं वाटतं, पण अशा वेळी फार कामाला येतं.

आता आपल्या भगिनींकडे फोटो नाहीत, आणि झाकण तर बसलं. मग सगळं हातचं गेलं का? नाही. ते नवं झाकण हाच त्यांचा पुरावा आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं एवढंच: या गटारावर झाकण कोणत्या तारखेला बसवलं, त्याचं बिल किती, त्याआधी झाकण केव्हा होतं, याबद्दल आधी कोणाच्या तक्रारी आल्या होत्या, आणि गटाराच्या देखभालीचं कंत्राट कोणाकडे आहे. मुलगा पडल्यानंतर चौथ्या दिवशी झाकण बसवलं असं नगरपालिकेनेच लिहून दिलं, म्हणजे त्या दिवशी ते नव्हतं हे आपोआप सिद्ध झालं. समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी मागा.

काय काय मागायचं?

नुसती दवाखान्याची बिलं मागून थांबू नका. पुढे सळई काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागेल, तिचा अंदाज डॉक्टरांकडून लिहून घ्या. येण्या-जाण्याचा खर्च, खास आहार, बुडालेल्या शाळेची शिकवणी, मुलाने सोसलेल्या वेदना, पायात काही उणेपणा राहिला तर त्याचं प्रमाणपत्र.

आणि तुमचे स्वतःचे कष्ट. तुम्ही महिना-दोन महिने त्याला उचलून मोरीत नेलंत, रात्र रात्र जागलात, त्याला घरात "आईचं कामच आहे ते" म्हणतात. न्यायालय तसं म्हणत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या एका अपघातग्रस्त मुलीच्या प्रकरणात तिला सांभाळायला दोन माणसं लागतील असं धरलं आणि तो खर्च वेगळा, वर्षानुवर्षांचा हिशेब करून दिला. तो अपघात वाहनाचा होता, पण भरपाईच्या हिशेबाची रीत तीच. तुम्ही शिवणकाम करत असाल, डबे देत असाल, आणि ते बुडालं असेल, तर तेही लिहा. लाजू नका.

पैसा कोणाचा?

आता थोडं नाजूक बोलते. भरपाई मिळाली तर ती मुलाची असते. न्यायालय बहुधा ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. आईवडिलांचं नाव त्यावर पालनकर्ता म्हणून येतं, मालक म्हणून नाही. उपचारासाठी, शिक्षणासाठी लागली तर न्यायालयाला विचारून काढता येते.

समितीकडून किंवा योजनेतून आलेली रक्कम मात्र कधी थेट घरात येते. मग कोणी म्हणतं, "गावच्या घराचं पत्र्याचं काम राहिलंय", कोणी म्हणतं, "धाकट्याच्या लग्नाचं देणं फेडून टाकू." आलेल्या लक्ष्मीला वाटा फार फुटतात. अशा वेळी भांडण न करता एक करा. झालेल्या खर्चाची बिलं मांडा, तेवढी रक्कम बाजूला काढा, गहाणातल्या बांगड्या सोडवा; तो तुमचा हक्कच आहे. उरलेली मुलाच्या नावाने ठेवा आणि ठेवीची पावती त्याच्या दवाखान्याच्या कागदांबरोबर ठेवा. पाय थंडीत दुखायला लागला, कॉलेजात जायची वेळ आली, की त्या पावतीची किंमत कळेल. ज्याचं हाड मोडलं त्याचाच तो पैसा, एवढं ठामपणे सांगायला आईशिवाय दुसरं कोण आहे?

पडायच्या आधीचा अर्ज

मघाशी म्हटलं होतं की धोका आधी माहीत होता का, यावर सगळं अवलंबून असतं. राजकोटच्या झाडाबद्दल माहिती होती असं दिसलं नाही, दिल्लीच्या झाडाबद्दल होती. मग आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल नगरपालिकेला माहीत आहे, हे कागदावर आणायचं काम आपण आजच का करू नये? भिशीला, हळदीकुंकवाला, भजनी मंडळात आपण जमतोच. चहा येईपर्यंत सगळ्यांच्या सह्या होतात. नमुना देते, आपल्या गावाप्रमाणे गाळलेल्या जागा भरा:

"प्रति, माननीय मुख्याधिकारी, ...... नगरपरिषद.
विषय : ...... येथील उघड्या गटाराबाबत.
महोदय, ...... रस्त्यावर, ...... दुकानासमोर, विजेच्या खांब क्रमांक ...... शेजारी गटारावरील झाकण दिनांक ...... पासून नाही. या वाटेने रोज मुले शाळेत जातात. झाकण ताबडतोब बसवावे. आपणांस कळवूनही ते न बसवल्यास आणि कोणास इजा झाल्यास त्याची जबाबदारी नगरपरिषदेची राहील. या अर्जाची पोच द्यावी.
आपल्या, ...... (सह्या, पत्ते, फोन)"

हा अर्ज गेल्यावर दोनच गोष्टी होऊ शकतात. झाकण बसेल, मग प्रश्नच मिटला. किंवा बसणार नाही, आणि मग "आम्हाला कल्पना नव्हती" असं म्हणायची त्यांची सोय संपली. शिक्क्याची प्रत मंडळाच्या वहीत चिकटवून ठेवा आणि पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या.

आपल्या भगिनींनी समितीकडे अर्ज केला, मुख्याध्यापकांना भेटल्या, की त्या दोन्ही अर्जांचं काय झालं ते आम्हाला जरूर कळवावं. आणि इतर वाचक मैत्रिणींनो, शाळेच्या वाटेवर उद्या सकाळी मुलाला सोडायला जाल तेव्हा मान खाली घालून जरा गटारांकडे बघत चला. कुठं झाकण नाही, ते घरी येऊन लिहून ठेवा. अर्जाची पहिली गाळलेली जागा तिथंच भरली जाईल.